लक्ष वेधणं आणि लक्ष देणं

मागच्या व्याख्यानानंतर मालवणच्या एका तरुणाने विचारलं, "सर, माझा होमस्टे आहे. रील टाकल्याशिवाय पर्यटक येत नाहीत. सोशल मीडियावर स्वतःचा ब्रँड उभा केला, तर चूक काय?"

चूक काहीच नाही. पोटाचा प्रश्न आहे. पण 'लक्ष वेधणं' म्हणजे नेमकं काय, ते आज पाहू.

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली. माहिती माणसाचं लक्ष खाते. म्हणजे माहितीचा सुकाळ झाला, की लक्षाचा दुष्काळ पडतो. आणि दुष्काळात जो तो ओरडायला लागतो.

आता आपला दशावतार बघा. जत्रेची रात्र. कोणी पेंगतोय, कोणी खाजं घ्यायला उठलाय. सुरुवातीला काळ्या वेषातला संकासुर येतो आणि सगळ्यांच्या माना वळतात. हे झालं लक्ष वेधणं. पण पुढे पहाटेपर्यंत आख्यान चालतं, ते कशावर? लिहिलेली संहिता नसते. नट संवाद तिथल्या तिथे रचतात. समोरचा नट काय बोलला हे ज्याने ऐकलंच नाही, तो उत्तर काय देणार? म्हणजे लोकांचं लक्ष टिकवायचं, तर आधी आपण लक्ष द्यावं लागतं.

मच्छिंद्र कांबळींचं उदाहरण घ्या. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आलं. सुरुवातीला प्रतिसाद बेताचाच होता. मग पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून कौतुकाचं पत्र लिहिलं आणि चित्र पालटलं. पण पत्राने लोक एकदा येतात. पाच हजारांवर प्रयोग पत्रावर होत नाहीत. ते झाले, कारण गावची माणसं कशी बोलतात, कुठे अडखळतात, कशी चिडतात, हे लिहिणाऱ्याने आणि करणाऱ्याने कान देऊन ऐकलं होतं. कांबळींनी मालवणी बोली मोठी केली; नाव मागून आलं.

आता माझी गोष्ट. ही व्याख्यानं ऑनलाइन यायला लागल्यापासून सकाळी उठल्यावर मी आधी आकडा बघायचो, किती जणांनी पाहिलं. एकदा चहा देताना पत्नी तिच्या बहिणीच्या आजारपणाबद्दल सांगत होती. मी 'हं, हं' करत होतो. ती थांबली आणि म्हणाली, "काय सांगितलं मी?" मला सांगता येईना. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. आयुष्यभर मी त्या वर्गात शिकवल्या. पण 'विक्षिप्त', म्हणजे घटकाभर टिकून पुन्हा विखुरणारं चित्त, त्या सकाळी घरातच दिसलं.

लोकांचं लक्ष मिळवताना आपलं लक्ष कुठे गेलं, हा खरा हिशोब.

म्हणून त्या तरुणाला मी म्हटलं, बाबा, रील जरूर कर. पण पाहुण्याला काय हवंय याकडे आधी बघ. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते, हेही सांग. एखादा पाहुणा कमी येईल, पण आलेला पुन्हा येईल. आणि किनाऱ्यावर रापण ओढत असतील, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून आधी दोरीला हात लाव.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. मी ऐकतोय.