दोष देण्यापूर्वी हिशेब

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. आमचा निम्मा व्यवहार अंदाजावर चालतो. परंतु अंदाज आणि हिशेब यांतील अंतर ध्यानी न घेतल्यामुळे माझ्या हातून एका लहान व्यापाऱ्यावर अन्याय झाला. व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून तो प्रसंग येथे नमूद करतो.

माझ्या वखारीत ज्वारीची 100 पोती एकाच थप्पीत रचलेली होती. त्यांपैकी 80 एका मोठ्या पेढीची, तर 20 खेड्यातील या लहान व्यापाऱ्याची. बारदानावरील खुणा पुसून गेल्या होत्या. सहज काढलेले एक पोते ओलसर निघाले. लहान व्यापाऱ्याच्या मालात शेकडा 15 पोती ओलसर निघतात, मोठ्या पेढीच्या मालात शेकडा 5, असा माझा आजवरचा अनुभव. तेव्हा दोष लहानाचाच, असे ठरवून मी त्यास कठोर पत्र धाडले.

हे ऐकून कॉलेजात शिकणारी माझी नात म्हणाली, "आजोबा, आधी मोजून तरी पाहा." 80 चे शेकडा 5 म्हणजे 4 पोती, 20 चे शेकडा 15 म्हणजे 3. ओलसर पोती एकंदर 7. हाती आलेले पोते या सातांपैकीच एक. ते लहान व्यापाऱ्याचे असण्याचा संभव सातांत तीन, मोठ्या पेढीचे असण्याचा सातांत चार! संशय वाढला होता हे खरे, परंतु निवाडा करण्याइतका नव्हे. 'त्याच्या पोत्यांपैकी ओलसर किती' आणि 'ओलसर पोत्यांपैकी त्याची किती' हे दोन निराळे प्रश्न मी एकच समजून बसलो होतो. दुसऱ्याच दिवशी मी त्यास क्षमेचे पत्र लिहिले.

मोजणीची ही विद्या आपणांस परकी नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, इ. स. 850 च्या सुमारास, जैन गणिती महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात, अनेक वस्तूंतून काही निवडण्याचे प्रकार किती होतात याचा सर्वसाधारण नियम दिला आहे. तो वखारीत लावून पाहू. 10 पोत्यांत 3 खराब आहेत. कोणतीही 2 उघडल्यास दोन्ही चांगली निघण्याचा संभव किती? दहांतून दोन निवडण्याचे प्रकार 10 गुणिले 9 भागिले 2, म्हणजे 45. चांगल्या सातांतून दोन निवडण्याचे 7 गुणिले 6 भागिले 2, म्हणजे 21. अर्थात 21/45, म्हणजेच 7/15. एकेक पोते घेतले तरी उत्तर तेच: पहिले चांगले निघण्याचा संभव 7/10, ते तसे निघाले तर उरलेल्या नवांत चांगली सहा, म्हणून 6/9, दोहोंचा गुणाकार 7/15. सारांश, दोन पोती उघडूनही जवळजवळ निम्म्या वेळा खराबी दृष्टीआड राहते.

म्हणून नमुना चांगला निघाला तरी निश्चिंत होऊ नये, आणि वाईट निघाला तरी मोजणी केल्यावाचून कोणास दोष देऊ नये. तोलताना काटा स्थिरावेपर्यंत आपण थांबतोच. माणसाची पारख करतानाही तेवढा धीर धरावा.