मनाचा कौल – ५ : दारापर्यंत जाऊन परतलेली कॅरी

इमर्सनच्या 'सेल्फ-रिलायन्स' या १८४१च्या निबंधाबद्दल मागच्या आठवड्यात लिहिताना मी 'स्वावलंबन' हा शब्द वापरला होता. तो आठवडाभर मनात खुपत राहिला. स्वावलंबी म्हटलं की आपल्याला कुणापुढे हात न पसरणारा, आपली कामं आपण करणारा माणूस दिसतो. इमर्सनचं मागणं याहून अवघड आहे. चार लोक एका सुरात 'नको' म्हणत असताना आपल्या मनाचा कौल खरा मानायचा.

हे मला सर्वांत लख्ख दिसलं ते डग्लस सर्क यांच्या 'ऑल दॅट हेवन अलाउज' (१९५५) या चित्रपटात. गाव न्यू इंग्लंडमधलं, म्हणजे इमर्सन आणि थोरो यांच्याच मुलखातलं. कॅरी (जेन वायमन) ही सुखवस्तू विधवा, दोन मुलं कॉलेजात. तिच्या बागेतली झाडं छाटायला येणाऱ्या रॉनवर (रॉक हडसन) तिचं मन बसतं. तो वयानं लहान आणि गावाच्या लेखी नुसता माळी.

रॉनच्या एका मित्राच्या घरी तिच्या हाती थोरोचं 'वॉल्डन' पडतं, गावाबाहेर झोपडीत राहिल्याच्या दिवसांचं पुस्तक. हा मित्र जाहिरातीचा धंदा सोडून झाडं वाढवू लागलेला. पुस्तक म्हणजे त्याचं बायबल. रॉनचंही का, असं कॅरी विचारते. मित्राची बायको सांगते, त्यानं ते वाचलं नसावं, तो तसा जगतोच.

ऐकायला छान आहे. पण रॉनला मोडावं असं कुठलं बंधन नाहीच. कसोटी कॅरीची आहे. क्लबात कुजबुज होते, मुलगी रडते, मुलगा तोडून बोलतो, आणि ती ठरलेलं लग्न मोडते. मग थोड्याच दिवसांत मुलीचं लग्न ठरतं, मुलगा परदेशी निघतो आणि आता घर विकायला हरकत नाही असंही सुचवतो. नाताळात आईला सोबत म्हणून टीव्ही येतो. बटण फिरवलं की सगळं जग घरात, असं विक्रेता सांगत असतो आणि कॅमेरा त्या बंद पडद्याकडे सरकत जातो. काचेत कॅरीचा चेहरा दिसतो, चौकटीत बसवल्यासारखा. लोकलाजेपुढे मान तुकवण्याची किंमत इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं दृश्य मला आठवत नाही.

पुढे तिला डोकेदुखी जडते. डॉक्टर तिला स्पष्टच सांगतात की दुखणं शरीराचं नाही. ती गाडी काढून रॉन राहतो त्या जुन्या पाणचक्कीपाशी जाते, दारापर्यंत पोहोचते, घुटमळते आणि मागे फिरते. थोरोची झोपडीदेखील कॉन्कॉर्ड गावापासून जेमतेम दीड मैलावर होती आणि तो गावात येतजात असे. त्याचं गावापासूनचं अंतर मैलांत मोजायचं नव्हतंच. कॅरीपुढे तर एक उंबरठाच उरला होता.

तिला परतताना पाहून रॉन हाक मारायला धावतो, बर्फावरून घसरून कड्यावरून पडतो, आणि त्या रात्री ती त्याच्याकडे येते ती कायमची. इथे माझी सर्क यांच्याशी तक्रार आहे. तो अपघात झाला नसता, तर त्या दारावर कॅरीनं पुन्हा कधी आपणहून थाप मारली असती का, हे मला पाहायचं होतं.