असईची लढाई टेबलावर

दिवाळीचा किल्ला आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी केला असेल. दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, चिखलानं लिंपून त्यावर हळीव पेरायचं. मग माथ्यावर महाराज आणि बुरुजाबुरुजावर मावळे. पण मावळे मांडून झाले की पुढं काय? चार दिवस सगळे जागच्या जागी उभे. लढाई काही होत नसे, आणि मला त्याचीच चुटपुट लागायची.

ती लढाई खेळता येते, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. गेली दोन वर्षं आम्ही चार मित्र महिन्यातून एका रविवारी हा खेळ खेळतो. एक शिक्षक, एक कृषी सेवा केंद्रवाले, एक तलाठी भाऊसाहेब आणि शेती खात्यातला मी. लोक हसतात. "साहेब, बाहुल्या खेळता का?" म्हणतात. म्हणूनच हा खेळ आहे तरी काय, ते आज तुम्हाला सांगावं म्हटलं.

खेळ आला कुठून?

याचं मूळ जर्मनीकडच्या प्रशिया राज्यात आहे. १८१२ साली राइसवित्झ नावाच्या गृहस्थांनी तिथल्या राजापुढे मांडणीची लढाई ठेवली. पुढं १८२४ मध्ये त्यांच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलानं नकाशा, फासे आणि पंच घेऊन तिचे रीतसर नियम छापले. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी हा खेळ वापरू लागले. घरगुती खेळ म्हणून त्याला नाव मिळवून दिलं इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी. त्यांचं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक १९१३ साली निघालं. ते खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेनं शिशाचे शिपाई पाडत. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचं पुस्तक आलं आणि इंग्लंडात हा छंद पुष्कळ पसरला. आज अनेक देशांत लोक इंच-सव्वा इंचाचे शिपाई रंगवतात आणि जुन्या लढाया टेबलावर पुन्हा लढतात.

या लोकांच्या आवडीच्या लढायांत आपल्या जालना जिल्ह्यातली असईची लढाईही आहे. आम्ही तीच निवडली.

आमचं टेबल

सहा फूट लांब, चार फूट रुंद प्लायवूडचा तुकडा घेतला. त्यावर भुसा आणि डिंकाची जमीन केली, निळ्या रंगानं दोन नद्या काढल्या. दक्षिणेला केळना, उत्तरेला जुई. पूर्वेला दोघींचा संगम. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात जुईच्या काठी असई गाव.

एक शिपाई म्हणजे शंभर माणसं, असं माप धरलं. लढाईच्या दिवशी, म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी, जनरल वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढणारी फौज सुमारे साडेचार हजार आणि तोफा १७. त्याचे झाले ४५ शिपाई. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज. त्यात पोलमन नावाच्या जर्मन सरदाराच्या हाताखाली कवायती पायदळ सुमारे १० हजार ८००, म्हणजे १०८ शिपाई. तोफा शंभराच्या आसपास. घोडदळ तर कित्येक हजार, पण लढाईत त्याचा फारसा उपयोग झाला नाही. म्हणून आम्ही ते थोडंच ठेवलं.

शिपाई काही शाडूचे, काही बाजारातले प्लॅस्टिकचे. आधी पांढऱ्या रंगाचा हात, वाळला की लाल-निळा, शेवटी बारीक कुंचल्यानं पट्टे. पुठ्ठ्याच्या चकतीवर चिकटवला की शिपाई तयार.

खेळताना पाळीपाळीनं चालायचं. पायदळ एका पाळीत सहा इंच, घोडदळ बारा, ओढून नेलेली तोफ चार. फाशावर चार किंवा जास्त पडले तर समोरचा एक शिपाई पडला. नदी ओलांडायची ती फक्त उतारावरून. आणि उतार कुठं आहे, ते फक्त पंचाला ठाऊक. कुणाला बघायचं असेल तर त्यानं एक पाळी खर्च करून स्वार पाठवायचा.

उतार कुठं आहे?

पहिल्या डावात मी शिंद्यांच्या बाजूनं होतो, मास्तर वेलस्ली. माझी फौज केळनेच्या उत्तर काठावर दक्षिणेकडं तोंड करून उभी. शंभराला पंचेचाळीस म्हणजे मला काय भीती? उतार शोधायला मी स्वार पाठवलाच नाही. पाळी कशाला फुकट घालवा! चौथ्या पाळीला मास्तर माझ्या डाव्या अंगाला, पूर्वेकडून, नदीच्या अलीकडं आले. सगळी फौज वळवता वळवता माझ्या दोन पाळ्या गेल्या, आणि दोन नद्यांच्या बेचक्यात माझं संख्याबळ अडकून पडलं. मी हरलो.

खरं काय झालं होतं ते ऐका. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं, की पुढं उतार नाही. पण त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. इंग्रजी नोंदींत त्यांची नावं पीपलगाव आणि वारूर अशी आहेत. त्यानं विचार केला, इतकी जवळजवळ गावं वसली आहेत म्हणजे माणसांना ये-जा करायला पाण्यातून वाट असणारच. माणूस पाठवून खात्री केली. उतार निघाला. त्यावर पहारा नव्हता.

हाच वेलस्ली पुढं १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला, ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून. पण मला त्याच्या मोठेपणापेक्षा स्वतःची चूक जास्त लागली. नोकरीच्या निमित्तानं मी रोज नव्या शिवारात जातो. वाट कुठं, पाणी कुठं, ते आधी गावकऱ्याला विचारतो. आणि टेबलावर मात्र बळाच्या भरवशावर न विचारता बसलो! तुम्ही कितीदा असं केलंय, ते तुमचं तुम्ही आठवा.

एक मात्र सांगतो, पोलमन माझ्यासारखा गाफील राहिला नाही. इंग्रज ओलांडताहेत हे दिसताच त्यानं आपली कवायती पायदळाची फळी पूर्वेकडं वळवली. मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांची दाणादाण उडवली. असईवर चुकून फार जवळ गेलेली हायलँडरांची ७४ वी पलटण जवळजवळ कापली गेली.

पडलेले शिपाई

तिसऱ्या डावाला आमच्याकडं एक निवृत्त हवालदार आले. गावात त्यांना सगळे मेजर म्हणतात. तासभर काही बोलले नाहीत. शिपाई पडला की आम्ही तो उचलून बिस्किटाच्या डब्यात टाकत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "हे पडलेले जातात कुठं?"

"डब्यात, मेजर."

"डब्यात कसं? पडला तिथंच असू द्या. मागच्याला त्याच्यावरून जावं लागतं."

कुणी काही बोललं नाही. भाऊसाहेबांनी डबा उपडा केला आणि आठवतील तसे शिपाई जागोजागी आडवे ठेवले. तेव्हापासून आमच्याकडं तोच नियम. असईला तसं घडलंही होतं. इंग्रज तोफा ओलांडून पुढं गेले, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठ्यांचे गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून मागून मारा केला.

डाव संपला की आता आम्ही मोजदाद करतो. वेलस्ली जिंकला, तरी त्याची १,५८४ माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. आमच्या मापानं ४५ पैकी १६. हा जिंकणाऱ्याचा हिशेब! मराठ्यांकडचे सुमारे सहा हजार पडले असा अंदाज आहे, म्हणजे आणखी ६० शिपाई. इतके आडवे ठेवले की टेबलावर हात ठेवायला जागा राहत नाही. वेल्सनीही पुस्तकाच्या शेवटी हेच म्हटलंय, की असे खेळ खेळलं की खरं युद्ध केवढा महाग वेडेपणा आहे ते कळतं. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलं.

तुम्हाला खेळायचं असेल तर

फार खर्च नको. यंदाच्या दिवाळीचे मावळे संपल्यावर फेकू नका, जपून ठेवा. दोन फासे, एक फूटपट्टी, एक चौरंग आणि तीन माणसं पुरे. दोघं खेळतील, तिसरा पंच. पंच असा निवडा, की ज्याचा शब्द दोघं मानतील. पोरांना बरोबर घ्या, शिपाई त्यांनाच रंगवू द्या. पहिला डाव दोन्हीकडं दहा-दहा शिपाई घेऊन, एक नदी आणि एक उतार ठेवून खेळा.

आणि पडलेला शिपाई उचलू नका. डाव संपेपर्यंत तिथंच राहू द्या.