डब्यातली खसखस आणि परदेशची पॉपी

2019 च्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या दीड खोलीच्या घराला हातभर रुंदीची गॅलरी आहे. तिथे तेलाच्या रिकाम्या डब्यांत कढीपत्ता, पुदिना आणि ओवा लावलेला असतो. मुलीला फुले हवी होती. तिने स्वयंपाकघरातली चिमूटभर खसखस एका डब्यात टाकली. पंधरा दिवसांत रोपे वर आली. आम्हाला कोण कौतुक वाटले!

एके दिवशी खालच्या मजल्यावरचे हवालदारभाऊ काही कामासाठी वर आले. डबा पाहताच म्हणाले, “दादा, हे आधी उपटून टाका. ही अफूची रोपं आहेत.” आमच्या पायांखालची जमीनच सरकली. हातावर पोट असलेल्या माणसाला कोर्टकचेरी कशी परवडणार? रोपे उपटली; पण विषय डोक्यातून जाईना. म्हणून माहिती मिळवली. ती वाचक बंधू-भगिनींना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

खसखस विकत घेणे, खाणे यात गुन्हा नाही. मात्र ती ज्या झाडाची बी, त्याच्याच बोंडातून अफू निघते. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार या झाडाची विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकते. परवाने केंद्र सरकारचे नार्कोटिक्स खाते देते आणि तेही मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांतच. आपण गॅलरीत हौसेने लावले, ही सबब पुरेशी नाही.

मग पॉपीचे फूल आपल्या नशिबी नाहीच का? तसे नाही. या कुळात पुष्कळ भाईबंद आहेत. त्यातला एक तर वर्षानुवर्षे टिकणारा, म्हणजे बहुवर्षायू आहे. त्याला ओरिएंटल पॉपी म्हणतात. मूळचा तो तुर्कस्तानचा पूर्व भाग, कॉकेशस आणि उत्तर इराणच्या डोंगराळ मुलखातला. अठराव्या शतकाच्या आरंभी तूर्नफोर नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तो पॅरिसला नेला. पुढे इंग्लंडच्या बागांत त्याने घर केले.

आमच्या कार्यालयातल्या एका ताईंची मुलगी इंग्लंडात परिचारिका आहे. भाड्याच्या घरामागे तिला हे झाड आयतेच मिळाले. जूनमध्ये वीतभर रुंदीची लालभडक फुले आली, पाकळ्यांच्या तळाशी काळे डाग. जुलैअखेर मात्र पाने पिवळी पडून सारे झाड मातीत गेले. पोरीला वाटले, मेले. तिने खणून फेकून दिले. पुढच्या वसंतात त्याच जागी तीन-चार झाडे उभी! जमिनीत राहिलेल्या मुळांच्या तुकड्यांतून ती फुटली होती.

यातच त्या झाडाचे सारे मर्म आहे. त्याचे मूळ जाड आणि खोल असते. उन्हाळ्यात ते वरचा पसारा आवरून झोपी जाते, शरद ऋतूत पुन्हा पाने काढते आणि थंडी सोसते. तिकडचे लोक रोप एकदा लावले की हलवत नाहीत, कारण मूळ दुखावलेले त्याला चालत नाही. जागा भरपूर उन्हाची आणि पाणी न साचणारी निवडतात. झाड झोपले की ती जागा ओकीबोकी दिसते, म्हणून शेजारी उशिरा फुलणारी झाडे लावतात. नवे रोप हवे असेल तर झाड झोपेत असताना पेन्सिलीएवढ्या जाड मुळाचे दोन-तीन इंची तुकडे वाळूमिश्रित मातीत उभे खोचतात. बियांपासून केल्यास फूल बहुधा दुसऱ्या वर्षी दिसते.

ताईंच्या मुलीने बी पाठवू का, असे विचारले होते. आम्ही नको म्हटले. एक तर परदेशातून बियाणे आणायला आयात-परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. दुसरे, या झाडाला कडाक्याची थंडी हवी. आपल्या दमट पावसात त्याचे मूळ कुजते.

आपल्याकडे जमण्याजोगी आहे ती शर्ली पॉपी. हिची कथाही गोड आहे. 1880 च्या सुमारास लंडनजवळच्या शर्ली गावच्या विल्क्स नावाच्या धर्मगुरूंना रानपॉपीच्या गर्दीत पांढऱ्या कडेचे एकच फूल दिसले. त्याचे बी राखून, दरवर्षी निवड करीत त्यांनी नाना रंगांची जात तयार केली. ही एकाच हंगामाची आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुटभर खोल कुंडीत शेणखत आणि वाळू मिसळलेली माती भरावी. बी फार बारीक असते, म्हणून वाळूत कालवून वरच भुरभुरावे, पुरू नये. पाणी हलक्या हाताने शिंपडावे. रोपे बोटभर झाली की तीन-चार ठेवून बाकीची काढावीत. उपटून दुसरीकडे लावू नयेत. सुमारे तीन महिन्यांत फुले येतात.

पाकीट घेताना ‘शर्ली’ हे नाव पाहूनच घ्या. हिची पाने केसाळ आणि कातरलेली असतात. अफूची पाने गुळगुळीत, राखट हिरवी आणि खोडाला कवटाळलेली असतात. हा फरक घरातल्या मुलांनाही दाखवा.

आमच्या त्या डब्यात आता दर हिवाळ्यात शर्ली फुलते. पहिले फूल उमलले तेव्हा मुलीने हवालदारभाऊंना मुद्दाम वर बोलावले. त्यांनी पान बोटांत धरून नीट पाहिले आणि म्हणाले, “हं, हे चालेल. थोडं बी आमच्यासाठीही ठेव, पोरी.”