होम लोनवाल्या कंपनीकडून तुमची माहिती फुटली, तर भरपाई कुठे मागायची?



दुकान टाकायचं, मशीन घ्यायची, खेळतं भांडवल उभं करायचं म्हटलं की आपल्यातले बरेच जण घर किंवा गाळा तारण ठेवून कर्ज काढतात. त्या एका फाइलमध्ये आपण काय काय देतो ते एकदा मोजा. आधार, पॅन, आयटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, सही केलेले चेक, घराचा करारनामा आणि सहकर्जदार म्हणून बायकोचे किंवा वडिलांचे कागद. तुमच्या नावावर दुसरं कर्ज उचलायचं असेल तर चोराला यापेक्षा जास्त काय लागणार?

ही फाइल कर्ज देणाऱ्याकडून बाहेर गेली, तर कायद्याने आपल्याला काय मिळतं? व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. एक मुद्दा आधीच डोक्यात पक्का करा: कंपनीला झालेला दंड वेगळा आणि तुम्हाला मिळणारी भरपाई वेगळी. भरपाई आपोआप घरी येत नाही, ती योग्य ठिकाणी मागावी लागते. आणि योग्य ठिकाण कोणतं, हे तुमचं कर्ज कोणाकडून आणि कशासाठी घेतलंय यावर ठरतं.

अमेरिकेतली दोन उदाहरणं

या विषयातली मोठी उदाहरणं अमेरिकेतली आहेत, म्हणून आधी तिकडे बघू. 'मिस्टर कूपर' ही तिथली घरकर्जाचे हप्ते गोळा करणारी मोठी कंपनी. ३१ ऑक्टोबर २०२३ ला तिच्यावर सायबर हल्ला झाला. काही दिवस लोकांना ऑनलाइन हप्ताच भरता येईना. नंतर कळलं की सुमारे १ कोटी ४७ लाख लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर आणि बँक खात्यांचे नंबर बाहेर गेलेत. यात कर्ज कधीच फेडून मोकळे झालेले जुने ग्राहकही होते. पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये 'लोनडेपो' या कंपनीवर हल्ला झाला. तिथला आकडा होता सुमारे १ कोटी ६६ लाख.

दोन्ही कंपन्यांनी ग्राहकांना काही काळ फुकट क्रेडिट मॉनिटरिंग देऊ केलं, आणि दोघींवर क्लास ॲक्शन दावे दाखल झाले. क्लास ॲक्शन म्हणजे काही मोजके ग्राहक सगळ्यांच्या वतीने एकच दावा लावतात आणि तडजोड झाली की पैसे सगळ्यांत वाटले जातात.

पण तिथेही नुसतं 'माझी माहिती फुटली' म्हणून भागत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ट्रान्सयुनियन कंपनीच्या प्रकरणात निकाल दिला. आपल्याकडच्या सिबिलच्या नावात जी ट्रान्सयुनियन आहे, तीच ही. ८,१८५ लोकांच्या क्रेडिट फाइलवर चुकीचा आणि बदनामी करणारा शेरा पडला होता. त्यातल्या ज्या १,८५३ जणांचा रिपोर्ट खरोखर बाहेरच्या कंपन्यांकडे गेला, त्यांनाच त्या शेऱ्यासाठी भरपाई मागण्याचा हक्क आहे, असं कोर्टाने ठरवलं. बाकीच्यांचं प्रत्यक्ष नुकसान दिसत नव्हतं. माहिती फुटल्याचे दावे चालतात तेव्हा तिथले वकील हा निकाल हमखास पुढे करतात.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. नुकसान कागदावर दाखवता आलं पाहिजे. आता आपल्याकडे काय करायचं ते बघू.

पहिलं काम: नुकसान थांबवा आणि पुरावा धरा

खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडेच गडबड झाली, आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर एक रुपयाचीही जबाबदारी येत नाही. उशीर केला तर थोडा भार तुमच्यावर येतो. मात्र ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

मग क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियम आहे. चारही काढा, कारण एकीकडे दिसलेलं दुसरीकडे दिसेलच असं नाही. अनोळखी कर्ज दिसलं की त्याच दिवशी दुरुस्तीची तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लावला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला द्यावी लागते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

या सगळ्याचे स्क्रीनशॉट, तक्रार क्रमांक, ईमेल आणि तारखा एका फोल्डरमध्ये ठेवा. पुढे तुमची केस याच फोल्डरवर उभी राहणार आहे.

दुसरं काम: कर्ज देणारा कोण, ते बघा

आधी कर्ज देणाऱ्याकडेच लेखी तक्रार करायची. फोनवरचं बोलणं धरलं जात नाही. पत्रात तीन प्रश्न विचारा: माझी कोणती माहिती गेली, कधी गेली, आणि तुम्ही त्यावर काय केलं? ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर वर जायचं. पण वर म्हणजे कुठे? बरेच जण इथेच चुकीच्या खिडकीवर उभे राहतात.

– बँकेकडून कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार सीएमएस पोर्टलवर करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.
– हाउसिंग फायनान्स कंपनीकडून असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे, 'ग्रिड्स' पोर्टलवर. नावात 'होम फायनान्स' किंवा 'हाउसिंग फायनान्स' आहे का ते मंजुरीपत्रावर बघा.
– पतसंस्थेकडून असेल तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात. पतसंस्था ही बँक नाही, ती सहकार कायद्याखाली येते.

एजंटने तुमचे कागद दुसऱ्याला विकले असतील, तर ते थेट पोलिसांचं काम आहे. करारामुळे हातात आलेली माहिती स्वतःच्या फायद्यासाठी परवानगीशिवाय बाहेर देणं हा आयटी कायद्याच्या कलम ७२अ खाली गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तिसरं काम: भरपाईचा दावा

इथे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता ग्राहक आयोगाचा. राहत्या घरासाठी होम लोन घेतलं असेल तर तुम्ही ग्राहक आहात. माहिती सांभाळली नाही ही सेवेतली त्रुटी आहे, असं म्हणून तुम्ही जिल्हा आयोगात जाऊ शकता. मुदत २ वर्षांची.

पण तुम्ही धंद्यासाठी घर तारण ठेवलं असेल तर सावध. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात हाच मुद्दा तपासला. एका जाहिरात कंपनीने मालमत्ता तारण ठेवून १० कोटींचं कर्ज घेतलं होतं. बँकेने आपलं नाव सिबिलला चुकीचं कळवून थकबाकीदार दाखवलं, अशी तिची तक्रार होती. राष्ट्रीय आयोगाने कंपनीच्या बाजूने ७५ लाखांची भरपाई दिली. सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, कारण नफा कमावण्यासाठी कर्ज घेणारी कंपनी या कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. चूक बँकेची होती की नाही यापेक्षा दार चुकलं, हे महत्त्वाचं ठरलं.

म्हणून धंदेवाल्यांसाठी दुसरा रस्ता जास्त कामाचा. आयटी कायद्याच्या कलम ४३अ नुसार, संवेदनशील माहिती सांभाळताना एखाद्या संस्थेने हलगर्जीपणा केला आणि त्यातून कुणाचं नुकसान झालं, तर तिला भरपाई द्यावी लागते. बँक खातं, कार्ड, पासवर्ड, बायोमेट्रिक ही माहिती यात येते. ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. या कामात त्यांना न्यायनिर्णय अधिकारी म्हणतात. इथे 'ग्राहक की व्यापारी' हा प्रश्न येत नाही.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या आयटी सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला पुण्यातल्या एका उद्योजकाला ४५ लाख रुपये द्यायला सांगितलं. त्याच्या खात्यातून भामट्यांनी ८० लाख १० हजार रुपये वळवले होते. मग पूर्ण रक्कम का नाही मिळाली? कारण फसव्या ईमेलला उत्तर त्याने स्वतः दिलं होतं, म्हणून नुकसानीचा वाटा त्याच्यावरही आला. ही कर्जाची फाइल फुटल्याची केस नव्हती, पण या दारात छोट्या उद्योजकाला पैसे मिळतात, आणि स्वतःच्या चुकीचे पैसे कापलेही जातात, हे त्यातून कळतं.

नवा कायदा आणि २५० कोटी

आता तुम्ही विचाराल, तो २५० कोटींच्या दंडाचा नवा कायदा आलाय ना? आलाय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार असं त्यात ठरलं. त्यानंतर माहिती फुटली तर कंपनीला ते तुम्हाला कळवावंच लागेल, ही मोठी सोय आहे. सुरक्षा नीट ठेवली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो.

पण हा दंड सरकारच्या तिजोरीत जातो, तुमच्या खात्यात नाही. शिवाय त्याच टप्प्यावर, मे २०२७ मध्ये, आयटी कायद्यातलं कलम ४३अ वगळलं जाणार आहे. म्हणजे वर सांगितलेलं भरपाईचं दार तिथे बंद होतं. तुमचं नुकसान आधीच झालं असेल, तर 'नवा कायदा येऊ दे, मग बघू' म्हणत बसू नका. फोल्डर घेऊन जाणकार वकिलाला आत्ताच भेटा.

आता आपल्या गल्ल्याकडे बघा

कलम ४३अ मध्ये 'संस्था' म्हणजे फक्त मोठी कंपनी नाही. भागीदारी फर्म आणि एकट्याच्या मालकीचं दुकानही त्यात धरलंय. तुम्ही उधारीवर किंवा हप्त्यावर माल देताना गिऱ्हाइकाचं आधार, पासबुक, कॅन्सल्ड चेक व्हॉट्सॲपवर मागवता ना? तो फोन दुकानातला पोरगाही हाताळतो ना? मग कर्ज कंपनीला विचारायचे तेच तीन प्रश्न उद्या तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला विचारू शकतं.

म्हणून लागतील तेवढेच कागद घ्या. काम झालं की पुसून टाका. मिस्टर कूपरच्या यादीत जुने ग्राहक का होते, ते आठवा: कर्ज संपलं, माहिती मात्र तिथेच पडून राहिली. आणि तुम्ही स्वतः आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख आणि 'फक्त अमुक कंपनीच्या कर्ज अर्जासाठी' असं आडवं लिहून सही करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि उद्या ती झेरॉक्स भलतीकडे सापडली तर ती कुठून गेली हे त्यावरच लिहिलेलं असेल.

या आठवड्यात एकच करा. तुमच्या कर्जाचं मंजुरीपत्र काढा आणि त्यावर दोन गोष्टी पेनाने लिहा: देणारा बँक, हाउसिंग फायनान्स की पतसंस्था, आणि कर्ज घरासाठी की धंद्यासाठी. वेळ आली तर कुठे जायचं हे त्या दोन ओळींवरूनच ठरेल.