गोंदूरला तास विकले जातात

छोट्या विमानांच्या बाजाराची तब्येत कशी आहे ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं. बाजार म्हटल्यावर डोळ्यासमोर शोरूम येते. धुळ्याजवळच्या गोंदूरला आहे ती एक धावपट्टी, हँगर, आणि सकाळी उजाडताच टेकऱ्यांच्या अंगाने घिरट्या घालणारं एखादं सेस्ना. गावाला त्या घरघरीचं कौतुक केव्हाच संपलंय.

बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातलं पहिलं वैमानिक लायसन्स त्यांच्या हाती पडलं. पुढे मुंबईच्या आकाशात गर्दी झाली आणि क्लबचं उड्डाण धुळ्याला आलं. शिरपूरला एसव्हीकेएमची वैमानिक प्रशिक्षण अकादमी आहे. जळगावला २०२१मध्ये विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या. इतिहास एवढा पुरे, कारण माझा जीव अडकला तो इंजिनात.

सेस्ना १७२ पहिल्यांदा उडालं १९५५मध्ये. तेव्हापासून अशी ४४ हजारांवर विमानं बनली. आजच्या १७२चं लायकमिंग इंजिन चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, जवळपास सहा लिटरचं, आणि ताकद १८० अश्वशक्ती. एवढी ताकद हल्ली दीड लिटरच्या टर्बो मोटारीही देतात. पेट्रोल-हवेचं मिश्रण वैमानिक अजून लाल मुठीने, हाताने जमवतो. पण प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, आणि त्यांना ठिणगी देणारे दोन वेगळे मॅग्नेटो. बॅटरी मेली तरी ठिणगी पडतच राहते. उड्डाणाआधी इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर नेऊन किल्ली आधी एका मॅग्नेटोवर, मग दुसऱ्यावर फिरवायची. फेरे थोडे घटले पाहिजेत. फार घटले तर विमान हँगरला परत. आणि मुळीच घटले नाहीत तरी संशय घ्यायचा, कारण मग बंद केलेला मॅग्नेटो खरा बंद झालेलाच नसतो! या हट्टी यंत्राच्या मी प्रेमात पडलो, हे लपवत नाही.

ते इतकं जुनं का राहिलं, याचं उत्तर पैशात आहे. अमेरिकेत १९७८मध्ये १७ हजारांवर छोटी विमानं विकली गेली. १९९४मध्ये हजारसुद्धा नाहीत. दशकांपूर्वी बनवलेल्या विमानाच्या अपघाताचा दावाही कंपनीवर येई. सेस्नाने १९८६मध्ये पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं. १९९४च्या कायद्याने या जबाबदारीला १८ वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा कारखाना पुन्हा सुरू झाला. पण एवढ्याशा खपावर नव्या इंजिनाच्या प्रमाणपत्राचा खर्च वसूल होत नाही, म्हणून जुनंच चालू राहतं. नवं काही करणाऱ्याची वाट किती लांब असते, तेही धुळ्याने पाहिलं. कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांनी २०२०मध्ये त्याच्या चाचण्या इथेच घेतल्या. कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार झाला होता त्याच्याही दोन वर्षं आधी.

इथला व्यवहार खरं तर तासांचा आहे. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात आणि या इंजिनाचं ओव्हरहॉल साधारण २००० तासांनी येतं. म्हणजे दहा पायलट घडेपर्यंत एक इंजिन खर्ची पडतं. त्यांच्या फीवर हँगर, मेकॅनिक, विमा, सगळं उभं. ही फी कुणाच्या शेतावर, कुणाच्या फ्लॅटवर काढलेल्या कर्जातून येते.

त्यात खान्देशचा उन्हाळा. पारा पंचेचाळीसला गेला की हवा विरळ होते, पंखही कमी उचलतात आणि इंजिनही कमी ओढतं. मे महिन्यात दुपारी जळगावच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान महाबळेश्वरच्या उंचीवर असल्यासारखं वागतं. म्हणून उडायचं ते पहाटे. तास गेले की उत्पन्नही गेलं.

इंधनाचं दुखणं वेगळं. पेट्रोलपंपांवरून शिसं २०००मध्ये हद्दपार झालं; या इंजिनांच्या अ‍ॅवगॅसमध्ये ते अजून आहे. पूर्वी हे अ‍ॅवगॅस आयात व्हायचं. २०२२मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत ते बनवायला घेतलं, म्हणजे आता ते शेजारच्या गुजरातेतूनच येऊ शकतं. पण अमेरिका शिसं काढायच्या मागे लागली आहे. मोटारीच्या पेट्रोलवर चालणारी रोटॅक्स, विमानतळावरच्या साध्या जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिनं हे पर्याय आहेत, पण त्यासाठी सहसा विमानच नवं घ्यावं लागतं.

आणि अपघात. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात शिरपूरच्या अकादमीचं विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. तिला डोंगरातून खाली आणायला एका आदिवासी बाईने अंगावरची साडी सोडून झोळीला दिली.

मला जास्त धास्ती वाटते ती भरतीच्या लाटेची. किंगफिशर २०१२मध्ये बसली, जेट २०१९च्या एप्रिलमध्ये, आणि अनुभवी वैमानिक बाजारात उतरल्यावर नव्या पोरांना कोण विचारणार? आज एअर इंडियाच्या ४७० आणि इंडिगोच्या ५०० विमानांच्या २०२३मधल्या ऑर्डरींवर गोंदूरची सकाळ चालते आहे. ही लाट ओसरली तर इंजिनं ठेवून देता येतील, असंही नाही. उभ्या इंजिनात कॅमशाफ्टला गंज धरतो. २००० तास भरले नसले तरी बारा वर्षांनी ओव्हरहॉल करा, असं लायकमिंगचंच सांगणं आहे.