सर्दीच्या गोळीने झोप का येते?

पावसाळ्यात वर्गात शिंका ऐकू येऊ लागतात. सर्दीची गोळी घेऊन आलेला एखादा विद्यार्थी दुसऱ्याच तासाला पेंगू लागतो. आपण त्याला आळशी ठरवतो, पण दोष बहुधा गोळीचा असतो. नाकासाठी घेतलेल्या गोळीचा झोपेशी संबंध काय?

धूळ, परागकण यांची ॲलर्जी असली, की शरीरातील काही पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात. ते 'एच-१' नावाच्या ग्राहींना चिकटते. मग रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, नाक वाहते, खाज सुटते. हिस्टामिन ही किल्ली मानली, तर ती शिरण्याआधीच कुलपात न फिरणारी दुसरी किल्ली अडकवून ठेवणे, हे झाले हिस्टामिनविरोधी औषध. डॅनिएल बोव्हे यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९३७ मध्ये असा पहिला पदार्थ शोधला. तो माणसांना देण्याजोगा नव्हता. पण त्यातून पुढची औषधे निघाली. बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्दीच्या अनेक गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामिन याच कुळातले. त्याचा रेणू मेदात सहज विरघळतो, म्हणून रक्त व मेंदू यांमधील अडसर तो ओलांडतो. मेंदूत हिस्टामिनचे काम निराळे असते: ते आपल्याला जागे ठेवते. तेथील ग्राही अडवले, की झोप येते. लोराटॅडिनसारखी नंतरची औषधे मेंदूत फारशी शिरत नाहीत, म्हणून गुंगीही कमी आणतात.

प्रौढांच्या रक्तातील निम्मे क्लोरफेनिरामिन कमी व्हायला सुमारे २० तास लागू शकतात. म्हणजे रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळच्या पेपरात किंवा दुचाकी चालवतानाही असू शकतो. शिवाय साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि ही गोळी विषाणू मारत नाही. लहान मुलांबाबत अधिक जपावे लागते. क्लोरफेनिरामिन व फेनिलएफ्रिन यांच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असा इशारा छापावा, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. मूल झोपावे म्हणून असे औषध पाजणे तर धोक्याचेच.

विद्यार्थ्यांना घरातील औषधांची रिकामी वेष्टने आणायला सांगू या आणि त्यांवरील घटक वाचू या. सर्दीची गोळी व खोकल्याचे औषध, दोन्हींत क्लोरफेनिरामिन सापडले, तर दोन्ही एकदम घेणाऱ्याच्या पोटात दुप्पट मात्रा जाते, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येईल.